रंग पुसायचा राहिला ती रात्र

वडश्याकडच्या एका गावात मंडई होती.
कापलेल्या धानाच्या बांधीत मंडप,
खाली तणीस, वरून थंडी,
आणि पडद्यामागे पत्र्याच्या पेटीवर बसवून
मी नेहमीसारखा दुधरामला बाई करत होतो.

दुधराम नाकतोडे.
आडनावावरून गावोगाव हसू.
पण तिसऱ्या अंकात तो रडला की
पहाटे चारला, शेकोट्या विझवून आलेल्या बाया
पदराचं टोक दातात धरायच्या.

एकदा बिडी पेटवताना म्हणाला,
"तिसऱ्या अंकात मी तिथं नसतोच गा.
मंडपाच्या बल्लीवर जाऊन बसतो.
वरून पायतो, तर खाली ते बाई बोलून रायली,
गंगावनाची पिन सुटली तिची,
आन् तू विंगेत माझा अर्धा चहा पिऊन रायला."

चहाचं खरं होतं.

मी विचारत फिरलो, जमेल तिथं.
किंगरी घेऊन आलेला नाथजोगी म्हणाला,
देह काही एकच नसतो बाबा, कांद्यासारखे आत आत असतात;
पण गुरूशिवाय वरचा सोडू नये,
परत आल्यावर कडी काढायला बोटं नसतात.
कोरचीकडचा भुमक नुसता हसला.
ढोलाकडे बघून म्हणाला,
आम्ही वाजवून धाडतो, वाजवूनच बोलावतो.
तुमच्यात कोण वाजवतं?
ब्रह्मपुरीचा डॉक्टर: जागरण कमी करा.

आणि माझी माय,
जिनं एक पोथी कधी पुरी ऐकली नाही,
निजताना रोज गुंडीवरचं झाकण काढून ठेवायची.
"रातच्याले जीव पानी प्यायले उतरते.
वरून कोनी झाकन ठेवलं
तं मानूस सकारी उठत नाही.
आन् निजलेल्याच्या तोंडाले काही फासू नोको.
परत आला तं घर वळखत नाही."

म्हणून रंग लावायचो मी, पुसायचोही मीच.
आधी खोबरेल, मग जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा,
कपाळापासून हनुवटीपर्यंत.

त्या रात्री मला ताप होता.
दुधराम नेसल्या लुगड्यानिशी तणसावर आडवा झाला,
ओठ लाल, गालावर मी काढलेला तीळ,
आणि मी घोंगडी डोक्यावरून ओढली.

सकाळी मंडपवाले बल्ल्या उपटत होते.
तो उठेना.
श्वास होता, आरशावर धुकं धरत होतं,
पण हाक आत जात नव्हती.
कांदा झाला, चप्पल झाली,
मॅनेजरच्या शिव्या झाल्या.
मी थरथरत खोबरेल घेतलं
आणि बाईच्या खालून दुधराम काढायला लागलो.

एक गाल झाला असेल नसेल,
डोळे उघडले.
माझ्याकडे नाही, त्यानं डाव्या हाताकडे पाहिलं,
अंगठ्याजवळचा विळ्याचा वण,
बराच वेळ,
अंधारात कुणी घरनंबर वाचावा तसा.

"तीन घिरट्या मारल्या गा," म्हणाला.
"परक्या बाईच्या अंगात कसा शिरू?
लाज वाटली.
मंग हात दिसला."

त्यानंतर अकरा सीझन त्यानं बाई केली.
मला एकदाही ताप आला नाही,
म्हणजे आला असेल,
मी रंग पुसून मगच आजारी पडलो.

या पौषात तो गेला.
चुलबंदच्या काठावर त्याच्या पोरानं गुलालाची पुडी
माझ्या हातात दिली: "काका, तुमचाच हात बसला आहे."
लावला.
कपाळ, गाल, हनुवटी,
आरशातही वळखू येणार नाही इतका.
आणि लावता लावता कळलं
गुलाल कशासाठी असतो.

डावा हात तेवढा
मी ओल्या फडक्यानं पुसून ठेवला.
कुणी पाहिलं नाही.

घरी आलो, गुंडीवरचं झाकण काढलं.
बायको म्हणाली, "पान्यात किडे पडतीन."
म्हटलं, पडू दे.
एखादा नाकतोडा काठावर बसला
तर हाकलू नको.