शिरगणती

आठ हजार चार.
अख्ख्या दिबांग खोऱ्यात एवढेच भरलो आम्ही.
चौरस किलोमीटरला माणूस एक, असं छापून आलंय.
म्हणजे ज्यानं त्यानं आपापला किलोमीटर घेऊन बसावं
आणि शेजाऱ्याला हाक मारावी ती ढगातून.

हजारांचं मला ठाऊक नाही.
पण वरच्या त्या चारांत एक
माझ्या हातची आहे, असं मी धरून चालतो.

फेब्रुवारी होता. दरड कोसळलेली, गाडी मागेच सोडली.
मी एतालिनच्या शाळेतला गणिताचा मास्तर,
पाठीवर पत्रकांची गठडी, प्लास्टिकात तीनदा गुंडाळलेली.
खाली द्री नदी. तिचा आवाज पहिले दोन दिवस कानात होता,
मग मुरला.

लांबलचक घर. दारात म्हातारी, अथिनी मेना.
"कोणाचा तू?"
"लिंगींचा."
मी पेनाचं टोपण काढेपर्यंत
तिनं माझ्या पाच पिढ्या मोजून टाकल्या,
एका काकाची चूकही दुरुस्त केली. मग म्हणाली, बस.

चुली किती?
"बांधलेल्या पाच. पेटते ही."
सासऱ्याच्या बायका तीन, नवऱ्याच्या दोन,
प्रत्येकीची खोली, प्रत्येकीचा धूर.
आता चार खोल्यांत मक्याची कणसं आणि अंधार.
नियम सांगतो, एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब.
लिहिलं: एक.

वय?
"डोंगर खाली आले तेव्हा मी आईच्या पाठीवर होते."
पन्नासचा भूकंप. मी हिशेब केला: एकसष्ट.
"लिही काहीही. डोंगर काही परत वर गेले नाहीत."

जन्माचा जिल्हा?
ती हसली. काठीनं राख उकरली.
इथंच. या दगडांपाशी.
तेव्हा कागदावर हे मिशमी टेकड्या होतं,
मग लोहित,
मग लोहितातून दिबांग खोरं काढलं,
मग खोऱ्याचा खालचा अर्धा, रोइंगसकट,
भाकरीसारखा मोडून वेगळा केला.
सरकार चार वेळा येऊन घराचं नाव बदलून गेलं,
म्हातारीनं चुलीचा दगडसुद्धा सरकवला नाही.

मुलगी रोइंगला, दवाखान्यात. मुलगा इटानगरला,
"फोनवर असतो."
फोनवरच्या माणसाला रकाना नाही.

भिंतीवर मिथुनांच्या कवट्या, धुरानं काळ्याभोर,
लग्नांतल्या, मरणांतल्या, एका मिटलेल्या भांडणातली.
कंटाळा म्हणून मोजल्या. सत्तेचाळीस.
शिरगणती म्हणायची तर हीच, मनात आलं,
घरातली शिरं इथं तरी जागेवर आहेत.

"अजून कोणी?"
"भाऊ आहे एक. वर असतो, बर्फाच्या कडेला."
नाव?
तिनं नुसतं माझ्याकडे पाहिलं.

मग कळलं. मला कळायलाच हवं होतं.
एकाच आईची दोन लेकरं, एक माणूस, एक वाघ,
हे मी वर्गात सांगत नाही, पण मलाही माझ्या आजोबांनी सांगितलंय.
आमच्या गावच्या फासात एकदा तो सापडला,
तेव्हा इगूला बोलावून, माणूस गेल्यासारखं
सगळं केलं होतं. कोणी मोठ्यानं बोललं नाही कितीतरी दिवस.

"परवा वासरू नेलं त्यानं," ती म्हणाली.
"भाऊबंदकी. चालायचंच."

कुटुंबप्रमुखाशी नातं, या रकान्यावर
माझं पेन थोडं थांबलं.
शाई गोठली होती, असंही म्हणता येईल.
ती ओळ मी कोरी ठेवली. आडवी रेघ मारायची असते
रिकाम्या ओळींवर. मारली नाही.
वरच्या साहेबांनी मारली असेल.

"मला धरलंस ना त्यात?"
धरलं.
"मग जेव आता."
उकडलेला मका, सुकं मांस, तांदळाची दारू पितळेच्या पेल्यात.
एका चुलीवर आम्ही दोघं.
मी तर एतालिनला आधीच मोजला गेलेलो.
बाहेर मिथुनं एकदम गप्प झाली,
तिनं तिसरी थाळी मांडली नाही,
पण भांड्याच्या तळाशी थोडं राहू दिलं.