शेंडेनक्षत्र

मंगळवारी सव्वानऊला पोटातलं पाणी येतं
इस्पितळातून, बर्फाच्या डब्यात.
रंग पातळ गवती चहाचा.
बाटलीवर नाव नसतं, आकडा असतो.
सतराचं लेबल तिरकं चिकटवलेलं होतं
(वॉर्डात कुणी डावखुरी नर्स असावी)
म्हणून सतरा नंबर लक्षात राहिली.

पाण्यातून गाठीच्या पेशी वेचायच्या,
औषध पाजायचं,
जेलीत बसवून वीज सोडायची.
ज्यांचा डीएनए सांधलेला, त्या वाटोळ्या राहतात,
भिजल्या साबुदाण्यासारख्या.
ज्यांचा तुटलेला, त्यांचे तुकडे वाहत जातात मागे:
एक डोकं, आणि लांब धुरकट शेपूट.
इथे या तपासणीला धूमकेतूचं नाव आहे.
मी मनात शेंडेनक्षत्र म्हणते.
बार्शीत मलाच म्हणायचे तसं,
झाडावरून उतरत नसे म्हणून.

बापू स्टोव्ह नीट करायचे, पंप, छत्र्या, कुलपं.
वायसर बदलून, पिन मारून,
कानाशी धरून ऐकत, लागलं का नीट.
त्या डागडुजीच्या पैशांवर मी शिकले
आणि न्यूकॅसलला येऊन
दुरुस्तीला खो घालायचा पगार घेते.
फोनवर त्यांना हे कधी धड सांगता आलं नाही.

ऑड्रीने पहिल्याच आठवड्यात खिडकीशी नेलं,
टाइनवरचे पूल दाखवले.
"पेशीला घरी जायला दोन पूल, समज.
हिच्या गाठीत एक आधीच पडलाय.
दुसरा आपण बंद करायचा.
बाकीच्या अंगात पहिला उभा आहे अजून,
ती माणसं उशिरा का होईना, पोचतात."
उशिरा म्हणजे उलट्या, रक्त कमी, जिना चढताना धाप.
ते तिने नंतर सांगितलं, चहा घेताना.
मी विचारलं, आणि पुलावर घरटी करणारे ते पक्षी?
"किटीवेक? ते कुणाचं ऐकत नाहीत, पेट."

त्या मार्चमध्ये सतरा नंबरच्या पेशींना
अशा शेपट्या फुटल्या,
एकेक काचेच्या कडेपर्यंत!
मी टाळी वाजवली. एकटीच होते.
इतकी मोडतोड बघून इतका आनंद
आयुष्यात कधी झाला नव्हता.

मग सतरा नंबर आली नाही.
एप्रिलात नाही, जूनमध्ये नाही.
ऑगस्टात किटीवेक समुद्रावर गेले,
पुलाचे खांब धुऊन काढले कुणीतरी.
आमच्या खात्यात न येणं हीच खुशाली.
पोटात पाणी साठत नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.
मी तिला मनानेच कुठे कुठे बसवलं:
व्हिटली बेच्या बाकावर, चिप्सला व्हिनेगर जास्त झालं म्हणून भांडताना,
बसमध्ये, चुकीच्या बाजूच्या खिडकीत.
सकाळ-संध्याकाळ गोळी,
आणि मध्ये एक आख्खा दिवस.

चौदा महिने.

परवाच्या डब्यात लेबल सरळ होतं.
डावखुरी बदलून गेली असेल.
आकडा सतरा.

पेशी वाटोळ्या. सगळ्या.
औषध दुप्पट केलं, तरी वाटोळ्या.
पडका पूल त्यांनी आतल्या आत उभा केला होता:
तुटलेल्या वाक्यातली आणखी चार अक्षरं गाळून
वाक्य पुन्हा अर्थाला लावलेलं,
वेडंवाकडं, पण वाचता येईल असं.
बापू असते तर काच कानाशी धरून म्हणाले असते,
कारागीर आहे गं कुणीतरी.
आणि मला त्यांच्यावर ओरडावं लागलं असतं.

फ्रीझरमध्ये खालच्या खणात नवं औषध आहे.
त्यालाही नाव नाही अजून, आकडाच.
काल रात्री दोन्ही आकडे एका बशीत सोडले.
ऑड्री कोट घालून दाराशी उभी, दिवा मालवू का म्हणते.
बाहेर किटीवेकांचा गलका, या वेळेलाही उजेड.
म्हटलं, तू हो पुढे.
काच अजून ओली आहे.