लिथियमचं पाणी

पहाटे हिगेरियासच्या धक्क्यावर
एलिसेओ बादली उतरवतो. माकूळ अजून रंग बदलतंय,
लाल, फिकट, परत लाल,
कुठल्या रंगात मरावं हे ठरत नसल्यासारखं.

साडेआठला बशीत उरतो फक्त तंतू.
काडेपेटीतल्या काडीहून बारीक, काचेसारखा आरपार.
डॉक्टर वाकून बघतात, म्हणतात, "नोल्फा, तुझे हात!"
बावीस वर्षांत एवढीच शाबासकी.

आत पोटॅशियमची दाटी.
दाटीतून कुणालाही बाहेर पडावंसं वाटतं
आणि दार किलकिलं असतंच.
पण जाणारा प्रत्येक जण
आपला अधिक सोबत घेऊन जातो,
मागे घर तेवढं उणं होतं,
आणि उणं घर हाका मारतं.
मग जाणारे तितकेच परतणारे.
आकडा उणे साठाच्या आसपास टेकतो.
डॉक्टर त्याला विश्रांती म्हणतात.
मला ती कधीच विश्रांती वाटली नाही.
पाय निघत नाही म्हणतात ना, तसं काहीतरी.

सोडियमचं सोपं. बाहेरचा अख्खा समुद्र त्याचा.
गर्दी त्याला आत ढकलते, हाकही आत बोलावते,
फक्त दार बंद.
जरा टोचलं की दार उघडतं, तो आत कोसळतो,
उण्याचं अधिक होतं,
तुम्ही पापणी मिटायच्या आत सगळं संपतं.
नंतर पंप बसतो उपसत:
तीन बाहेर, दोन आत, तीन बाहेर, दोन आत.
फुकट नाही हं. प्रत्येक खेपेची मजुरी द्यावी लागते.

आज सोडियमचं पाणी काढून
आम्ही लिथियमचं घातलं.
तंतूला फरक कळला नाही.
दार उघडलं, लिथियम आत गेलं, ठिणगी पळाली.
पण पंपाला तो पाहुणा ओळखता येत नाही.
तो आत बसून राहतो.

उबाल्दो, माझा भाऊ, उत्तरेला सालारवर
हेच मीठ फावड्याने ओढायचा.
एका हिवाळ्यात अकरा रात्री झोपला नाही,
एलिसेओची होडी न विचारता पिवळी रंगवली,
आणि रडत दारात आला. पंधरा दिवसांसाठी.
त्याला सात वर्षं झाली.
रात्री दोन गोळ्या. त्याच मिठाच्या.
त्या कशा लागू पडतात, मी डॉक्टरांना विचारलं होतं.
त्यांनी चष्मा पुसला. "नक्की कुणालाच माहीत नाही."

त्याच्या जेवणात मीठ रोज सारखं हवं,
कमी नाही, जास्त नाही. मी चमचा सपाट करून घालते.
वामीचं कालवण. पाव.
"आज काय केलं तुझ्या माकळाने?"
"लिथियमवरही उडाला."
"मग?"
"मग काही नाही. ते आतच राहिलं."

तो हसला. हात थरथरत होता,
चमचा वाटीवर किणकिण वाजत राहिला,
मी पाण्याचा पेला त्याच्या जवळ सरकवला.