वास येऊन राहिला

पार्सलच्या खिडकीपाशी मेश्राम मॅडम
कंदिलाची टाकी नाकाशी धरतात,
डोळे मिटतात,
आणि म्हणतात, "वास येऊन राहिला, पराते."
झालं. खोकं परत.

विमानात तेल चढत नाही,
तेलाचा वासही नाही.

मग मी तो पुन्हा तांडापेठेत आणतो,
सोड्याच्या पाण्यानं टाकी धुतो,
मूठभर तांदूळ आत टाकून खुळखुळवतो,
आणि मे महिन्याच्या गच्चीवर उघडा, पालथा ठेवतो
सेहेचाळीस डिग्रीत, वाळवणाच्या शेजारी.
निमजेकाकू ओरडतात,
"पापडाले मातीच्या तेलाचा वास लागन ना, बाप्पा!"
मी कंदील दोन हात सरकवतो.

माल येतो कुठून कुठून.
नागभीडची छोटी लाईन उखडली तेव्हा
भंगारातून अकरा सिग्नलबत्त्या मिळाल्या,
लाल-हिरव्या काचांच्या, किलोच्या भावानं.
एक गॅसबत्ती रामटेकच्या मंडपवाल्याची,
किती वराती पाहिल्या ते सांगत नाही,
पंप मारला की नुसती कण्हते.
मोमिनपुऱ्यात अफसरभाई गळक्या बुडांना डाख देतात.
"घेतं कोण हे?"
नॉर्वेतला एक मास्तर, टास्मानियातली एक बाई,
ज्यांच्याकडे लाईन कधी जातच नाही, असे लोक.
अफसरभाई हसतात, फुंकणी पुन्हा तोंडाला लावतात.

आधी खोक्यात तणस भरायचो,
संत्र्याच्या पेटीत भरतात तसं.
तेही बंद झालं. वाळल्या गवतातून किडे जातात म्हणे.
आता सूत भरतो.
बाबांचा माग विकला, पण पोतंभर तुटकं सूत राहिलं होतं,
ते हल्ली समुद्रापार जातं
काचेला मिठी मारून,
त्याच कंदिलाच्या काचेला, ज्याच्या उजेडात ते...
नाही. उगाच जुळवायला नको.
बाबांचा कंदील ब्याऐंशी सालीच फुटला,
आणि असेपर्यंत बाबा त्याला शिव्याच द्यायचे.
पांढऱ्या पदरावर काजळी पडली
की शेठ मजुरी कापायचा.

एकदा खोक्यावर मी घाईत मराठीतच लिहिलं:
चिमण्या, सहा नग.
मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या,
"पाखरं पाठवायला बंदी आहे."
आणि हसल्या, एवढंसं,
शिक्का उचलायच्या आधी.

काल नेला तो अकरातला शेवटचा.
बुडाशी खिळ्यानं कोरलेलं,
मनीराम गँगमन. हात लावू नये.
तीनदा धुतला, आठ दिवस ऊन दाखवलं,
तरी पत्र्याच्या शिवणीत
जुनं काहीतरी धरून बसलेला.

मॅडमनी नाकाशी नेला. डोळे मिटले.
रांगेत मागचा माणूस खाकरला.
पंखा फिरत होता, पावत्या फडफडत होत्या,
आणि त्या अजून तिथंच होत्या,
कुहीच्या की उमरेडच्या कुठल्या ओसरीत,
कितव्या इयत्तेत, कोण जाणे.
मग डोळे उघडून, माझ्याकडे न बघता,
"नाही येत," म्हणाल्या.
धाड. शिक्का.
फॉर्मवर, वापर: शोभेसाठी.

मला येत होता. चांगला येत होता.

बाहेर कडुनिंबाखाली स्कूटर तापली होती.
मी बोटं हुंगली,
पँटीला पुसली, पुन्हा हुंगली.

हात लावू नये, असं स्पष्ट लिहिलं होतं मनीरामनं.
मी तर त्याला
पार बर्गनला पाठवून दिला.