तोलाई

तीस वर्षं मार्केट यार्डात गूळ तोलतोय मी.
रवा काट्यावर बसायच्या आधीच हाताला कळतं:
एकोणतीस सातशे. तीस शंभर.
हमाल पैजा लावतात, हरतात, चहा पाजतात.

गेल्या पाडव्याला, मुहूर्ताचा सौदा आटोपल्यावर
सर्जेराव म्हणाला, "बाबासो, चढा की एकदा तुमीबी."
हसत चढलो.
एकशे अकरा किलो चारशे.
हसायचं कुणी थांबलं नाही,
फक्त मी थांबलो.
सगळ्या गावाचा गूळ ओळखणाऱ्या हाताला
स्वतःचा अंदाज नव्हता.

भूक म्हणाल तर ती नव्हतीच कधी.
सकाळी मिसळीवर कट, कटावर कट,
ब्रेड संपला म्हणून कट, कट उरला म्हणून ब्रेड.
ते चारचौघांत, त्याचं काही नाही.
पण रात्री अकराला, घर निजल्यावर,
ओट्याशी उभा मी, ट्यूब न लावता,
झाकण वाजू नये म्हणून फडक्यात धरलेलं,
थंड तांबडा रस्सा, वर गोठलेला तवंग,
आणि बोटं.
अंधारात खाल्लेलं खात्यावर चढत नाही
असा हिशेब होता माझा.
आणि मी तर हिशेबाचा माणूस.

पहिल्या दणक्यात सगळंच सोडलं.
लिंबूपाणी, काकडी, परत काकडी.
अकरा दिवसांत चार किलो.
बाराव्या दिवशी साडूच्या नातवाचं जावळ.
पंक्तीत बसलो आणि अकरा दिवसांची उधारी
व्याजासकट फेडली,
वर पांढऱ्या रश्श्याच्या चार वाट्या, पावती म्हणून.

डॉक्टर नेजदारबाईंनी काट्याकडे बघितलंच नाही.
"रात्री उठता तेव्हा काय हवं असतं?"
"रस्सा," म्हटलं.
त्या गप्प राहिल्या. फी मात्र घेतली.
येताना रंकाळ्याच्या कठड्यावर बसलो तासभर.
समोर भेळेच्या गाड्यांवर दिवे लागत गेले.
दिवसभर दुसऱ्याचा माल तोलतो,
माझं बोलणं अडत्या तोलतो, घेणं बँक तोलते.
कुणीच न तोललेला
तेवढा एक घास होता माझा.

शालनला सांगितलं. सांगताना कान तापले.
ती लसूण सोलत होती, मान वर न करता म्हणाली,
"पातेल्यात रोज उरायचं कसं,
विचारलंसा काय कधी?"

सहा वर्षं ती माझ्या चोरीचा
स्वयंपाक करत होती.

मग एकच ठरलं. बंद काही करायचं नाही.
उठलो तर ट्यूब लावायची,
ताट घ्यायचं, बसायचं, वाढून घ्यायचं.
पहिले आठ दिवस तेवढंच खाल्लं, ट्यूबखाली,
मांडी घालून, पाव्हण्यासारखा.
नवव्या दिवशी दुसरी भाकरी मोडली
आणि तशीच राहिली. का, ते माहीत नाही.

पुढचं सांगण्याजोगं नाही, इतकं हळू.
महिन्याला किलो, कधी पाऊण.
मे महिन्यात लग्नसराईत सहाशे ग्रॅम परत आले,
ओळखीच्या माणसासारखे, न कळवता.
रंकाळ्याला अर्धी फेरी, गुडघा बघून.
मिसळ आहे, रविवारी आहे. कट एकदाच.

यंदाच्या पाडव्याला आपण होऊन चढलो.
चढायच्या आधी बोललो, "एकशे दोन तीनशे."
एकशे दोन चारशे.
शंभर ग्रॅमनं चुकलो. चहा मी पाजला.
नऊ किलो म्हणजे रव्याचा तिसरा हिस्साही नव्हे.
सर्जेरावानं पाठीवर थाप मारली, गुळाच्या हातानं,
सदरा चिकटला.

अजून जाग येते अकराला.
पाय आपसूक ओट्याकडे जातात.
पातेलं घासून पालथं घातलेलं असतं,
काही रात्री नसतं. तेव्हा ताट घेतो.
आतून शालनचा आवाज, अर्धा झोपेतला,
"किती?"
"अर्धी," मी म्हणतो.
आणि ती अर्धीच असते.