मंगळवारचं डोकं

सव्वासहाला, पहिला रुग्ण यायच्या आधी,
दर मंगळवारी मी बोगद्यात एक डोकं ठेवते.
प्लास्टिकचं, गोल. आत पाणी,
आणि पाण्यात विरघळवलेला निरोगी मेंदू,
तराजूवर मोजून घातलेला.
त्याला आठवण नाही, आडनाव नाही,
बाहेर बाकावर बसलेलं कुणी नाही.
रमणभाई त्याला भाणियो म्हणतात,
कपाटातून कडेवर घेऊन येतात.

खोलीच्या गारव्यात त्याला तासभर मुरू द्यायचं.
हलवायचं नाही.
मग चुंबकाला समजवायचं, इथे दाब, तिथे सोड,
लाटीच्या कडा दाबाव्यात तसं,
तोवर पडद्यावर शिखरं उगवतात:
दोनपाशी सगळ्यांत उंच,
तीनच्या पुढे क्रिएटिन आणि कोलीन, जावाजावांसारख्या,
जवळ, पण चिकटून नाही.
मी उंची लिहिते, कमरेची रुंदी लिहिते
निळ्या शाईनं, वहीत.

संक्रांतीपासून ते उंच शिखर खचू लागलं.
चार टक्के. सहा.
शिवरात्रीच्या आठवड्यात अकरा.
अहमदाबादहून इंजिनियर आला, कॉइल बदलली,
सगळं बरोबर आहे म्हणाला, बिल ठेवून गेला.
पुढच्या मंगळवारी तेरा.

काळा घोडा पुलावरून मी अंधारातच येते.
खाली विश्वामित्री. मगरी दिसत नाहीत,
म्हणून नाहीत असं म्हणता येत नाही.

त्याच आठवड्यांत खर्डेकर आले, दांडिया बाजारातले,
न्यायमंदिरात एकतीस वर्षं टंकलेखक.
हल्ली सुनेचं नाव विसरत होते,
कलमांचे आकडे नाही.
त्यांच्या डाव्या कानामागचं शिखरही बुटकं निघालं.
मी म्हटलं, काका, यंत्राची खात्री नाही,
थोडं थांबू.
ते म्हणाले, बरोबर.
आम्हीही रोज कोऱ्या कागदावर एक ओळ मारून बघायचो.
अक्षर भरलेलं उमटलं तर खिळा टाचणीनं कोरायचा,
मगच निकालपत्र.
उठताना त्यांनी माझ्या टेबलावरचे कागद
एका रेषेत लावले.

पाच आठवडे.

नवा गोळा आला तो गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी.
ठेवला, मुरू दिला, मोजला.
शिखर जिथल्या तिथे, ताठ.
पुन्हा मोजलं. ताठ.
मग जुना ठेवला
आणि उंच शिखराच्या पायथ्याशी, एक पूर्णांक नऊपाशी,
एक टेंगूळ दिसलं,
तीन महिने माझ्या डोळ्यांसमोर असलेलं.
अ‍ॅसिटेट. सिरक्याच्या घरातलं.
भाणियो आंबला होता.

मापात पाप म्हणतात, ते वाण्याचं असतं.
इथे कुणी काही केलं नव्हतं.
शेरच आतून आजारी पडला होता,
आणि मी तराजूला दोष देत बसले होते
निळ्या शाईनं, तारीखवार.

म्हणजे यंत्र खरं बोलत होतं.
म्हणजे डाव्या कानामागचं तेही.

फोन त्यांनीच उचलला.
मी सगळं सांगितलं, टक्क्यांसकट,
माफी कुठल्या वाक्यात घालावी कळेना,
शेवटी दोनदा घातली.
पलीकडे कुकरची शिट्टी झाली.
मग ते म्हणाले,
"मशीन चांगलं आहे ना पण?"
हो, म्हटलं.
"चला. दोघांतलं एक तरी."

उद्या सकाळी नऊला या म्हटलं.
त्यांनी ते सावकाश लिहून घेतलं,
नऊ, अक्षरी नऊ.

जुन्या गोळ्यावर मी पट्टी चिकटवली: वापरू नये.
फेकू का, रमणभाईंना विचारलं.
त्यांनी त्याला पुसला, कपाटात वरच्या फळीवर ठेवला,
तोंड भिंतीकडे करून.

त्याला तोंड नाही.
तरी.