निरगाठ

कंटाळलेला कोन्यूर स्वतःचीच पिसं उपटतो,
ऐरोलीचे पक्ष्यांचे डॉक्टर म्हणाले.
खाणं वाटीत देऊ नका. लपवा. शोधू दे त्याला.

म्हणून सकाळी सातला
मी वहीच्या पानांच्या पुड्या वळतो,
एकीत राळा, एकीत डाळिंबाचे दाणे, दोन नुसत्याच;
सुतळीनं बांधून शेवग्याच्या फांदीला टांगतो.
हळकुंड्या मान तिरकी करून बघत राहतो
पुडीकडे नाही, माझ्या उजव्या हाताकडे.

हा हात गेल्या दिवाळीपासून अर्धाच माझा.
फिजिओथेरपीच्या बाईंनी दिलेला रबरी चेंडू
फ्रीजवर धूळ खातोय.

आधी सुरगाठ मारायचो, ती चार मिनिटांत सुटायची.
मग निरगाठ.
काल तर रबाळ्याच्या कंपनीत पिंपं बांधायचो तशी,
अंगठा आठवत आठवत गेला तिथपर्यंत.

सोळा मिनिटं लागली.
आत काहीच नव्हतं,
आणि तो असा किंचाळला
की खालून तांडेलवहिनींचा फोन आला.

उद्यासाठी करवंटी घासून ठेवलीय.
भोक पाडायचंय.
ड्रिल मशीन
दोन्ही हातांनी धरावं लागेल.